वैद्य, वैदू आणि नरक्याचं झाड

परंपरेला सध्या बरे दिवस आलेत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं पारंपरिक औषधांचं जागतिक केंद्र जामनगरला काढलं. 2023 च्या ऑगस्टात गांधीनगरला मोठी परिषद भरवली. 2025 साली तर 2034 पर्यंतचं धोरण मंजूर करून टाकलं. ही संघटना सांगते की 170 देशांत लोक परंपरेची औषधं वापरतात, आणि आजच्या औषधांपैकी सुमारे 40 टक्के औषधांचं मूळ निसर्गात आहे. मग काय, सगळीकडे एकच भजन सुरू — पूर्वजांचा ठेवा, हजारो वर्षांचं ज्ञान, भारताची जगाला देणगी.

देणगी म्हटलं की आपण कान टवकारले पाहिजेत. देवळाचे दगड वाहिले कुणी आणि पायरीवर नाव कोरलं कुणाचं, हे आपल्याला दुसऱ्यानं शिकवायला नको. तेव्हा या भजनी मंडळाला सवाल एकच. ही परंपरा कुणाची? ज्ञान कुणाचं, अंगमेहनत कुणाची, कमाई कुणाची — आणि आजारी पडल्यावर औषध कुणाला?

हा सवाल सिंधुदुर्गातून विचारायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं गाव तिकडंच. बाप-आजा गिरणीत, गोदीत, मुनसिपालटीत आला, पण मुळं मालवण-कुडाळ-सावंतवाडीच्या वाडीत. त्या वाडीच्या मागं जो सह्याद्री उभा आहे, त्यातलं एक झाड जगाच्या दवाखान्यापर्यंत पोचलंय. वाडीतला माणूस मात्र पोचलेला नाही. त्या झाडाकडे येऊच. आधी माणसांचं बघू.

*

वैद्य आणि वैदू. एकाच मुळातले दोन शब्द. वैद्य म्हणजे दारावर पाटी, भिंतीवर डिग्री, तोंडात संस्कृत. वैदू म्हणजे खांद्यावर झोळी, बाईच्या हातात तुंबडी आणि पाठीमागं पोलीस. वैदू ही आपल्या महाराष्ट्रातली भटकी जमात, सरकारच्या यादीत तशी नोंद आहे. पिढ्यान् पिढ्या रानातली मुळी ओळखायची, वाळवायची, गावोगाव विकायची, हा त्यांचा धंदा. पण मराठी भाषेनं निकाल देऊन टाकलाय : वैद्यकी म्हणजे शास्त्र आणि वैदूगिरी म्हणजे फसवाफसवी.

झोळीतलं सगळं खरं असतं असं मी म्हणत नाही. पण पाटीवाल्याचं तरी सगळं कुठं खरं असतं? 2024 च्या एप्रिलात फसव्या जाहिरातींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं कान उपटल्यावर पतंजलीवाल्यांना वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. छापली, आणि दुकान चालू. वैदूला माफीची जाहिरात देता येत नाही. त्याला फौजदार ‘बोगस डॉक्टर’ म्हणून गाडीत घालतो.

आता जे लोक आज आयुर्वेदाच्या नावानं छाती फुगवतात त्यांच्या धर्मशास्त्रानं खुद्द वैद्याला कसं वागवलं ते बघा. मनूच्या पोथीनं वैद्याच्या घरचं अन्न पुवासारखं ठरवलं आणि श्राद्धाच्या पंगतीतून वैद्याला उठवलं. का? वैद्याला रोग्याच्या अंगाला हात लावावा लागतो. रक्त, पू, लघवी बघावी लागते, आणि रोगी कुठल्याही जातीचा निघतो. सुश्रुताच्या संहितेत तर प्रेत पाण्यात ठेवून, मऊ झाल्यावर थर काढत आतलं डोळ्यांनी बघा, असं सांगितलंय. ते प्रेत पाण्यात नेऊन बांधलं कुणी? वर काढलं कुणी? पोथीला त्याची फिकीर नाही. पण गावगाड्यात मेलेलं ओढायचं, सोलायचं काम कुणाच्या गळ्यात होतं ते आपल्याला ठाऊक आहे. हाड कुठं, शीर कुठं, आतडं कुठं, हे ज्यांना हातानं ठाऊक होतं त्यांनाच विटाळाचे म्हटलं. मग त्यांच्याच हातांतलं ज्ञान श्लोकात बसवलं आणि धुऊन-पुसून शास्त्र म्हणून मांडलं.

ही मनूची पोथी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. आरोग्याच्या इतिहासातही ती तारीख लिहिली पाहिजे. शरीराला हात लावणं म्हणजे विटाळ, हे मानणाऱ्या समाजात डॉक्टरकी वाढू शकत नाही. नर्स तर नाहीच नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं अंदाजानं बोलताय. ठीक. मग छापील पुरावा घ्या, आणि तो थेट पेशव्यांच्या पुण्यातला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या लढाईत पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळ एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी उतरवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हा प्रकार पुण्यात डोळ्यांनी पाहिला. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तो चित्रासकट छापून आला. 1814 साली लंडनात जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं ती रीत वापरून नाक बसवलं, 1816 साली त्यावर पुस्तक काढलं, आणि युरोपात प्लॅस्टिक सर्जरीचा नवा जमाना सुरू झाला.

नाक बसवणारा कोण होता? मासिकात लिहिलंय — वीट पाडणाऱ्यांच्या जातीतला एक माणूस. बस्स. रोग्याचं नाव छापलं, चित्र छापलं. ज्यानं नाक बसवलं त्याची फक्त जात छापली. आज ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून जगभर शिकवतात आणि आमचे पुढारी परिषदेत उठून सांगतात — सुश्रुत! सुश्रुतानं कपाळाची नव्हे तर गालाची कातडी घ्यायला सांगितली होती, हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणजे गाल सोडून कपाळ धरायची अक्कल पोथीतली नव्हे. ती पोथीबाहेरच्या हातांनी करून बघितली, सुधारली, पोराला दिली. त्या हातांची जात माहीत आहे, नाव कुणाला माहीत नाही. देशाचं नाक उंच झालं म्हणतात. ते बसवणाऱ्याचं नाव काय, असं एकानंही विचारलेलं नाही.

*

ही झाली जुनी गोष्ट. नवीन गोष्ट कायद्याची, आणि ती जुनीपेक्षा चलाख आहे.

1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरते म्हणून पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, झगडून 1997 साली ते रद्द करून घेतलं. चांगलंच केलं. पण पेटंटच्या कचेरीत पुरावा म्हणून काय चाललं? संस्कृत ग्रंथ, आणि 1953 सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख. कापल्या बोटावर हळद दाबणारी लाखो आयांची बोटं पुराव्यात चालली नाहीत. छापलेलं असेल तेच ज्ञान.

त्यातून धडा घेऊन 2001 पासून सरकारनं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभारलं. त्यात काय भरलं? संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथ. त्यात पोथीवाल्यांची सोय झाली. ज्यांना हजारो वर्षं अक्षराला शिवू दिलं नाही त्यांचं ज्ञान अक्षरात कुठून असणार? आधी लिहायला बंदी करायची आणि मग विचारायचं, लिहिलेलं दाखवा! साला, हा न्याय आहे की दरोडा?

पुढं ऐका. 2002 साली जैवविविधता कायदा झाला. रानातली वनस्पती किंवा लोकांचं ज्ञान वापरून धंदा करणाऱ्यानं नफ्यातला वाटा लोकांना द्यावा, असं तो म्हणतो. उत्तराखंडात दिव्य फार्मसीनं, म्हणजे रामदेवबाबांच्याच कंपनीनं, वाटा द्यायला नकार दिला. आम्ही परदेशी थोडेच, म्हणे! डिसेंबर 2018 मध्ये तिथल्या हायकोर्टानं ठणकावलं — देशी कंपनीलाही वाटा द्यावा लागेल. कंपनीचा नफा 421 कोटींचा आणि मागणी होती सुमारे 2 कोटींची. एवढी चिल्लरसुद्धा जड झाली. मग काय झालं? कायदाच बदलला. 1 ऑगस्ट 2023 रोजी राज्यसभेनं दुरुस्ती मंजूर केली. ‘ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्याला वाटा देण्यातून सूट. आयुषवाल्या वैद्यांना सूट. आणि जुन्या कायद्यात तुरुंग होता, तो काढून नुसता दंड ठेवला.

त्याच ऑगस्टच्या 17 तारखेला गांधीनगरची परिषद सुरू झाली. महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीत वाटेकरी कापले आणि मधोमध गांधीनगरात परंपरेची आरती केली. ‘ग्रंथबद्ध’ हा एक शब्द बघा आणि त्याच्या आत बसलेली जात बघा. ज्ञान एकदा पोथीत शिरलं की त्याला मालक उरत नाही, म्हणजे कुणाला काही द्यायला नको. आणि पोथीत नसलं तर त्याला पुरावा नसतो, म्हणून कुणाला काही द्यायला नको. छापा आला तरी ते जिंकले, काटा आला तरी आपण हरलो.

*

आता नरक्या.

सह्याद्रीच्या दमट रानात, आंबोलीपासून दोडामार्गापर्यंत आणि वर चंदगड-आजऱ्याच्या बाजूला, हे लहानखुरं झाड वाढतं. फुलाला घाण वास. शास्त्रज्ञांनी दिलेल्या जुन्या लॅटिन नावातही ‘फेटिडा’ होतं, म्हणजे घाणेरड्या वासाची. लोकांनी नाव ठेवलं नरक्या. आणि गंमत अशी की काही ठिकाणी याच झाडाला अमृता म्हणतात. नरक आणि अमृत, एकाच खोडाला. कोण कुठून बघतो त्यावर ठरतं. आपल्याला हे नवीन नाही.

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य काढलं. कॅन्सरच्या पेशी ते वाढू देत नाही. 1972 साली, म्हणजे पँथर जन्मली त्याच वर्षी, मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि भरपूर सापडलं. त्या द्रव्यापासून पुढं दोन औषधं तयार झाली, इरिनोटेकन आणि टोपोटेकन. 1996 साली अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली. आतड्याच्या कॅन्सरवर एक, अंडाशयाच्या कॅन्सरवर दुसरं. इरिनोटेकन आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 2019 पासून बाजारात आलेलं, स्तनाच्या कॅन्सरवरचं जपानी कंपनीचं एक महागडं औषध याच द्रव्याच्या घराण्यातलं आहे.

म्हणजे नरक्याचं कॅन्सरवरचं मोल कुठल्याही पोथीनं सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेनं सांगितलं. हे कबूल करायला आपल्याला लाज नाही. लाज पोथीवाल्यांना वाटली पाहिजे. पण मोल कळल्यावर रानात काय झालं? वाळल्या लाकडात हे द्रव्य असतं हजारात एक ते तीन भाग. किलोभर द्रव्य काढायचं तर शेकडो किलो लाकूड हवं. मग खोड कापा, मूळ उपटा, चिपा करा, पोती भरा. गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी महाराष्ट्रातून नरक्याचं लाकूड जपानला, स्पेनला जाऊ लागलं. झाड धोक्यातल्या झाडांच्या यादीत जाऊन बसलं. पुढंही वर्षानुवर्षं सिंधुदुर्गातल्या पेपरांत बातम्या येत राहिल्या — नरक्याची तस्करी, टेम्पो पकडला, इतकी पोती जप्त.

आता यातलं अर्थशास्त्र समजून घ्या. सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, लाकडाचा पैसा त्याचा. दलाल वेगळा, व्यापारी वेगळा, निर्यातदार वेगळा, कंपनी वेगळी. कुऱ्हाड ज्याच्या हातात त्याला दिवसाची मजुरी. आणि धाड पडते तेव्हा सर्वांत आधी सापडतो तो कुऱ्हाडवालाच, कारण रानात तोच असतो. कंपनी काही रानात नसते. ज्याला सातबारा नाही, गावऱ्हाटीत मान नाही, देवळात पालखीला खांदा नाही, तो माणूस झाडाच्या बुंध्याशी सर्वांत जवळ आणि औषधाच्या बाटलीपासून सर्वांत लांब.

किती लांब? मोजू या. मालवणच्या वाडीतल्या बाईला पोटात गाठ आली. तालुक्याचा डॉक्टर हात लावून बघतो, चिठ्ठी लिहितो. मग सगळ्या सिंधुदुर्गाला पाठ असलेलं वाक्य — “ह्येका बांबोळीक व्हरा.” बांबोळी गोव्यात. शंभरेक किलोमीटर. वर्षानुवर्षं हा जिल्हा गोव्याच्या सरकारी इस्पितळाच्या जिवावर जगला. 1 जानेवारी 2018 पासून गोवा सरकारनं बिगरगोमंतकीयांना पैसे लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. गोव्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण 1981 साली जिल्हा झाला आणि त्यात वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2021 उजाडलं, ती चाळीस वर्षं राज्य कुणाचं होतं? ते ओरोसला सुरू झालं, चांगलं झालं. पण बांबोळीचं वाक्य अजून बंद झालेलं नाही.

आणि कॅन्सर निघाला तर परळ. टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर प्लॅस्टिक टाकून राहिलेली माणसं तुम्ही रोज बघता. डेपोत, कचेरीत जाता-येता ओलांडून जाता. त्यातली कोण कुठली, कधी थांबून विचारा. जिच्या गावच्या डोंगरातून लाकूड जहाजात चढलं, ती त्या लाकडाच्या औषधाची रांग धरून फुटपाथवर झोपलेली असेल. मालवणीत याचा हिशेब एका ओळीचा : झाड आमचां, रान आमचां, औषद मात्र आमका परवडाचां नाय.

*

इथं काही मित्र म्हणतील, मग सोडा ही साम्राज्यवादी औषधं, आपली गावठी विद्या पुन्हा जागवू. या मित्रांशी मला भांडायचं आहे, कारण हा मार्ग सरळ मसणात जातो.

कोकणात तांबडा विंचू चावला की माणूस मरायचा. मंत्र झाले, गाऱ्हाणं झालं, पाला चोळून झाला. माणूस घामानं भिजून, फुप्फुसात पाणी भरून मरायचा. 1976 साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून काय होतं ते लिहून ठेवलं. 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं. पुढं रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली, आणि जिथं शंभरातले चाळीस मरायचे तिथं एखाददुसरा मरू लागला. मंत्रानं हे केलं नाही. परदेशी कंपनीनंही केलं नाही. लॅन्सेट वाचणाऱ्या गोऱ्या साहेबाला विंचू चावत नाही. सरकारी दवाखान्यात बसून गरिबाचं शरीर नीट बघणाऱ्या माणसानं केलं.

फुरसं चावल्यावर अजूनही कुणी देवस्कीवाल्याकडे नेतं. तो वेळ म्हणजे जीव. देशात वर्षाला सुमारे 58 हजार माणसं साप चावून मरतात, बहुतेक खेड्यातली, अनवाणी पायांची. त्यांना परंपरा ऐकवू नका, प्रतिविषाचं इंजेक्शन द्या. बाळंतपणाचंही तेच. नाळ कापायचं काम विटाळाचं म्हणून गावोगाव आपल्या बायांच्या गळ्यात घातलं. त्यांच्या हातांनी सवर्णांची पोरं जगली आणि त्याच हातांचं पाणी चाललं नाही. 2005 नंतर सरकारनं बाळंतपणं दवाखान्यात आणली. 2018–20 मध्ये महाराष्ट्रात लाख जन्मांमागे 33 माता मरत होत्या, देशात 97. दवाखाना हवाच. पण त्या सुईणीला, जिनं आयुष्यभर अडलेल्या बाया सोडवल्या, तिला त्या दवाखान्यात नोकरी कुणी दिली? झाडू मारायची दिली असेल.

जीवकाची गोष्ट पाली ग्रंथांत आहे. उकिरड्यावर टाकलेलं पोर, पुढं बुद्धाचा वैद्य झालं. गुरूनं परीक्षा घेतली : तक्षशिलेभोवती योजनभर फीर आणि औषधी नाही अशी एक वनस्पती आण. हा फिरून रिकाम्या हातानं परत आला, एकही सापडली नाही म्हणाला. गुरूनं पास केलं. जीवकानं नुसतं ऐकलं नाही, आधी फिरून बघितलं. पूर्वजांनी सांगितलं म्हणून पिऊ नका, परदेशातून आलं म्हणूनही पिऊ नका. झोळीतलं, पोथीतलं आणि बाटलीतलं, तिन्ही एकाच तराजूत तोला. चीननं हे केलं. 1967 साली मलेरियावर औषध शोधायला घेतलं, जुन्या ग्रंथातला पाला तू यूयू या बाईनं प्रयोगशाळेत तपासला, 1972 साली आर्टेमिसिनिन हाती लागलं, आणि 2015 साली नोबेल मिळालं. ग्रंथाला हार घालत बसली असती तर मलेरियानं आणखी लाखो खाल्ले असते.

आणि ज्ञानवाल्यांना वाटा देता येतच नाही, हेही खोटं. केरळातल्या काणी आदिवासींनी 1987 साली शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यावरून 1995 साली औषध कंपनीला गेलं, 10 लाख फी आणि 2 टक्के रॉयल्टी ठरली, आणि त्यातला निम्मा वाटा काणी लोकांच्या ट्रस्टला. दोष त्यातही निघाले, पण पावतीवर नाव तरी लागलं. तमिळनाडूत इरुळा लोक साप पकडणारे. कातड्यांचा धंदा बंद झाला तेव्हा 1978 साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, साप परत सोडायचा. देशात प्रतिविषासाठी जे विष लागतं त्याचा मोठा भाग ही संस्था देते. इरुळांची विद्या आणि आजचं वैद्यक इथं एका बाटलीत आले, आणि बाटलीचा पैसा काही अंशी तरी विद्यावाल्याच्या घरी गेला. इरुळाला हे जमतं तर सिंधुदुर्गातल्या रानमाणसाला का जमू नये?

*

शेवटी एक ताप. जानेवारी 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात केर गावात माकडताप आला. पुढच्या वर्षी बांदा परिसरात पसरला, माणसं मेली. गोचिडीतून येतो. काजू गोळा करणाऱ्या, पातेरा-लाकूडफाटा आणणाऱ्या माणसाला होतो. या तापाचा विषाणू 1957 सालीच कर्नाटकात शोधला गेला होता. साठ वर्षांत त्यावर नेमकं औषध निघालं नाही. जी लस होती ती नीट काम करीना म्हणून 2022 साली थांबवली. पोथीनं यावर काही सांगितलं नाही आणि कंपनीनं काही केलं नाही. काजूची बी गोळा करणाऱ्या बाईचा ताप कुणाला विकता येत नाही. ‘जागतिक आरोग्य’ आणि ‘महान परंपरा’ या दोन्हींची खरी परीक्षा केरच्या काजूबागेत होती. दोघंही तिथं फिरकले नाहीत.

तेव्हा आपलं म्हणणं स्पष्ट असू द्या. आम्हाला जडीबुटीची माळ नको, चालू दवाखाना हवा. मालवणात, केरात, प्रत्येक वाडीच्या हाताशी, विंचू-सापाच्या औषधासकट. ज्या झाडातून, ज्या माणसाच्या सांगण्यातून औषध निघालं, त्याचा वाटा हवा, पोथीत असो वा नसो. ‘ग्रंथबद्ध’ची सूट रद्द झाली पाहिजे. वैदूची, सुईणीची, रानमाणसाची विद्या तपासायला सरकारी प्रयोगशाळा हवी, आणि जे टिकेल त्यावर त्यांची सहकारी मालकी हवी. जे टिकणार नाही ते फेकून द्या, मग ते झोळीतलं असो की चरकाचं.

आणि तुम्ही? मोर्चा निघेल तेव्हा याच. पण मे महिन्यात गावी जाल तेव्हा आणखी एक काम करा. जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. कचेरीत जा आणि ती वही मागा. ‘साहेब नाहीत’ म्हणतील, बसून राहा. वही कपाटातून निघेल तेव्हा उघडून बघा : झाडांची नावं असतील, ती ओळखणाऱ्यांची आहेत का? आपल्या वाडीतलं एक तरी नाव आहे का? नसेल तर म्हातारीला हाताला धरून कचेरीत न्या. ती सांगेल, तुम्ही लिहा. आज अक्षर आपल्याकडं आहे. वीट पाडणाऱ्याच्या पोराकडं 1793 साली ते नव्हतं.